डबीतली अर्धुकं

सगुणा लग्न होऊन निडीला गेली त्या वर्षापासून तिच्या माहेरच्या मोकलांची पोपटी, मडक्यात वालाच्या शेंगा भाजायचा बेत, तिच्याच शेतात लागायची. भात कापून झालं की उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे, आणि शेंगा भरल्या की पेणकडची माणसं एखाद्या रविवारी गाडीने निडीला उतरायची. वाल सगुणाचे, मडकं तिच्या नवऱ्याचं, शिवाचं, आणि मीठ तिच्या भावाचं, कमळाकरचं. मीठ त्याच्या आगरातलंच लागे. दुकानातल्या मिठाची पोपटी म्हणजे नुसत्या उकडलेल्या शेंगा, असं त्यांची आई हौसा म्हणायची, आणि हौसाची तिन्ही मुलं, आता केस पांढरे व्हायला आले तरी, आईच्या शब्दापलीकडे जात नसत.

सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतही मीठ आलं. पण पिशवी कमळाकरच्या खांद्यावर नव्हती, त्याच्या बायकोच्या, सरूच्या काखेत होती. स्टेशनापासून सगुणाचं घर जेमतेम पाव मैल. तेवढ्या वाटेत कमळाकर दोनदा थांबला. पहिल्यांदा त्याने चप्पल झटकल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा काहीच केलं नाही, नुसता उभा राहिला.

"धूळ हाय," तो म्हणाला.

सरूची सासू पुढे चालत होती, तिच्यापर्यंत आवाज जायला नको होता. सरूने फक्त कमरेचा बटवा चाचपला. त्यात पत्र्याची चपटी डबी होती. ती जागेवर आहे ना, हे बघायची तिला महिन्याभरात सवयच लागली होती.

घरी पोचल्यावर कमळाकर ओटीवर खांबाला टेकून बसला आणि उठला नाही. थोरला दिनानाथ रोह्याहून आधीच आला होता. धाटावच्या एका कंपनीत त्याला पंचवीस वर्षं झाली होती. धाकट्याला बघून त्याने विचारलं, रंग का उतरलाय. कमळाकर म्हणाला, मिठाचा हंगाम चालू आहे, उन्हात रंग उतरतोच. दिनानाथने पुढे विचारलं नाही. तीन वर्षांपूर्वी ऑपरेशनच्या कागदावर सही त्याने केली होती, तेव्हापासून धाकट्याच्या तब्येतीची जबाबदारी आपली, असं तो धरून चालला होता. आणि जबाबदारी घेतलेल्या माणसाला सगळं नीट चाललंय असंच वाटून घ्यायला आवडतं.

ते ऑपरेशन म्हणजे काय, हे घरातल्या लहान मुलांनासुद्धा ठाऊक होतं. हृदयात दारं असतात. रक्त पुढे गेलं की दार मागून आपोआप लागतं, म्हणजे रक्त उलटं फिरत नाही. कमळाकरला लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला होता, त्या तापाने त्यातलं एक दार कुरतडलं होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी ते इतकं निकामी झालं, की मुंबईला छाती उघडून तिथे धातूची झडप बसवावी लागली. दर ठोक्याला ती मिटे आणि टिक असा आवाज येई. शांत खोलीत तो शेजारच्या माणसालाही ऐकू जाई. मुलं त्याच्या छातीला कान लावून बसायची. हौसाला मात्र तो आवाज सोसत नसे. घरात भिंतीवर एक घड्याळ आणि पोटच्या पोराच्या छातीत दुसरं, मी झोपू कशी, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी.

परक्या धातूवर रक्त गोठायला बघतं. म्हणून रक्त पातळ ठेवायची एक बारीक पांढरी गोळी त्याला जन्मभर घ्यायची होती, रोज दिवेलागणीला. गोळी जास्त झाली तर जखमेचं रक्त थांबत नाही. कमी झाली तर झडपेवर गुठळी धरते. यातला मध्य साधावा म्हणून महिन्याला रक्त तपासायचं. एवढं सगळं डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, आणि ते सरूला पाठ होतं. पाठ असूनही जे झालं ते झालं.

संक्रांतीच्या सकाळी कमळाकर आगरात मीठ ओढत होता. डॉक्टरांनी हलकं काम सांगितलं होतं. मीठ ओढणं हलकं नाही, पण बापाने बांधलेल्या बांधावर उभं राहून दुसऱ्याला ओढताना बघणं त्याला जमलं नाही. मिठाचा खडा काचेसारखा असतो. त्याने टाच कापली. आगरात काम करणाऱ्याची टाच शंभरदा कापते आणि खाऱ्या पाण्यानेच बंद होते. त्याची झाली नाही. दोन फडकी भिजली, दुपार झाली, आणि त्या वाफ्यातलं मीठ गुलाबी दिसायला लागलं. वाटेकऱ्यांनी नेमलेला आगराचा मुकादम हैबतराव वाईट माणूस नव्हता, पण तो सगळ्यांदेखत म्हणाला, की कमळाकर, हे मीठ कुणाच्या आमटीत जायचं? जखम सुकेपर्यंत येऊ नको. आणि दरवेळी असंच होणार असेल तर तुझी वाटणी दुसऱ्याला देऊया.

त्या संध्याकाळी घरात तिळगूळ वाटला जात असताना कमळाकरने सरूला मागल्या पडवीत बोलावलं. म्हणाला, आजपासून अर्धी. हंगाम संपेपर्यंत. वैशाखात पुन्हा अख्खी सुरू करू.

सरू नाही म्हणाली. मग तो म्हणाला, मीच नाय घेत, मग काय करशील? त्यापेक्षा अर्धी तर अर्धी, असं तिला वाटलं. गोळी इतकी बारीक, की नखाने तिचा भुगा व्हायचा. तिने सासूचा अडकित्ता घेतला आणि सुपारी कातरतात तशी ती मधोमध कातरली.

खरी गोम पुढेच होती. गोळ्यांची पाकिटं दर महिन्याला दिनानाथ रोह्याहून पाठवायचा आणि रिकामी परत मागून मोजायचा. तेव्हा रोज एक गोळी पाकिटातून निघायलाच हवी होती. उरलेलं अर्धुक खाडीत टाक, असं कमळाकरने सांगितलं. औषध फेकायला सरूचा हात धजेना. तिने ते तंबाखूच्या जुन्या डबीत टाकलं. दुसऱ्या दिवशी दुसरं. मग रोजच.

निडीला शिवाने शेतात मडकं भरलं. तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मधे बटाटे आणि अंडी, तोंडाला पुन्हा पाला. मडकं उपडं घालून भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या आणि दिवस कलताना जाळ लावला. सगळे गोल करून बसले. कमळाकर ओटीवरच राहिला, म्हणाला, पोपटी झाली की हाक मारा.

सगुणाने आईला विचारलं, तुझे गुडघे कसे आहेत.

"गुडघे हायत तसेच," हौसा सुपारी कातरत म्हणाली. "पण चार रोज झाले, झोप कशी गाढ लागते. याचं ते टिकटिक थांबलंय. देवाला माझी दया आली."

शिवा हसला. म्हणाला, "वहिनी, घड्याळाला चावी द्यायला विसरलात काय?" दिनानाथही हसला.

सरूच्या मांडीवर शेंगांचं सूप होतं. ते तिने खाली ठेवलं आणि ओटीकडे चालू लागली. अर्ध्या वाटेवर ती पळत होती.

कमळाकर दोन उशा पाठीशी घेऊन बसला होता. तिने त्याच्या छातीवर कान ठेवला. तो म्हणाला, "काय करतंस गो, माणसं बघतायत." आत पाणी उकळताना येतो तसा बुडबुड आवाज होता. आणि टिक नव्हती. अगदीच नव्हती असं नाही, पण ओल्या चिखलावर खडा पडावा इतकीच होती.

सगुणाची मुलगी प्रतीक्षा अलिबागला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती मामीच्या मागोमाग आली. तिने नाडी धरली, घोट्याजवळ बोटाने दाबून बघितलं. बोटाचा खड्डा तसाच राहिला.

"मामाला आत्ताच्या आत्ता रोह्याला न्यायचं," ती म्हणाली. तिचा आवाज इतका सरळ होता, की कुणी उलट विचारलं नाही. शिवा शेजाऱ्याची जीप आणायला धावला. शेतात पोपटीचा जाळ आपला आपण जळत राहिला. मडकं त्या दिवशी कुणी फोडलंच नाही.

रोह्याला नदीच्या पुलाजवळ रोहिणीबाई डॉक्टरांचा बारा खाटांचा दवाखाना होता. पोचले तेव्हा दिवे लागले होते. बाईंनी कमळाकरला आत घेतलं, नाकाला प्राणवायू लावला, छातीतलं पाणी उतरवायचं इंजेक्शन दिलं, आणि बाकीच्यांना व्हरांड्यात बसायला सांगितलं.

व्हरांड्यात एकच लांब बाकडं होतं. काही काम हाताशी नसलं की माणसं दोष शोधतात, तसं तिथे झालं. दिनानाथने खिशातून घडी झिजलेला कागद काढला. ऑपरेशननंतर दवाखान्याने दिलेला तो कागद तो नेहमी जवळ बाळगी. त्यात लिहिलं होतं, की पालेभाज्या अचानक जास्त खाऊ नयेत, त्याने गोळीचा गुण कमी होतो. त्याने ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, हिवाळ्यात पालेभाजी किती होत होती घरात?

सगुणाने मान वर केली नाही. "मी पाठवत होते," ती म्हणाली. "शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला. दर आठवड्याला, गाडीने. मला वाटलं, अंगात रक्त भरेल."

"हाच कागद मी तुला वाचून दाखवला होता."

"व्हय."

"मग?"

सगुणाने पदर तोंडाशी धरला. शिवा इतका वेळ बायकोजवळ उभा होता. तो उगाच नदीकडे बघायला म्हणून उठला आणि फिरून दिनानाथच्या बाजूला जाऊन उभा राहिला. सरूने ते पाहिलं. ऑपरेशनच्या वेळी हौसा नको म्हणत होती, तेव्हा सगुणा एकटी आईशी भांडली होती आणि सरूच्या बाजूने उभी राहिली होती. आज तिच्या बाजूला तिचा नवरासुद्धा नव्हता.

सरूचा अंगठा बटव्यावर होता. डबीचं झाकण तिला कापडातून लागत होतं. एक शब्द काढला असता तर सगुणा सुटली असती. सरू बोलली नाही. तिला वाटलं, तो बरा झाला की सांगू. बरा झाला की सगळंच सोपं होईल. आता सांगितलं तर दिनानाथ आगर सोडायला लावेल आणि कमळाकर पुन्हा आपल्याशी बोलणार नाही. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, एक वेगळीच भीती होती. तो गेला, तर मारणारी मी, असं होईल. तळाची ती भीती तिला नीट दिसत होती, आणि तरी तोंड उघडत नव्हतं.

हौसाही गप्प होती, आणि हे आश्चर्यच होतं. ऑपरेशनला नावं ठेवायची एवढी मोठी संधी तीन वर्षांत आली नव्हती. ती अडकित्त्याचं पातं लुगड्याला पुसत बसली होती. पुसून झालेलं पुन्हा पुसत होती.

अर्ध्या तासाने रोहिणीबाई बाहेर आल्या. मुंबईला ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांशी त्या फोनवर बोलल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना टेबलाजवळ बोलावलं आणि शाळेत सांगावं तसं सावकाश सांगितलं.

झडपेवर काहीतरी बसलं आहे, म्हणून ती उघडमीट करत नाही. यात दोन शक्यता. एक, ताजी रक्ताची गुठळी. तिच्यावर औषध आहे, हार्ट अटॅकच्या माणसांसाठी ठेवतो तेच, आणि ते इथे फ्रीजमध्ये आहे. सलाईनमधून दिलं तर गुठळी विरघळू शकते. दुसरी शक्यता अशी, की झडपेच्या कडेने शरीराचंच मांस हळूहळू, महिनोन्महिने वाढत गेलंय. त्याला हे औषध लागू पडत नाही, उलट डोक्यात रक्तस्राव व्हायचा धोका फुकट पत्करायचा. मग मुंबईला नेऊन पुन्हा छाती उघडायची.

"आतलं दाखवणारं यंत्र माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "आणि त्यांच्या या श्वासावर मुंबईचा रस्ता फार लांब आहे. नेताना वाटेत काही होणार नाही असं मी सांगू शकत नाही. म्हणून नीट आठवून सांगा. गोळी चुकली होती का? किती दिवस?"

"एकही नाय," दिनानाथ लगेच म्हणाला. "पाकिटं मीच आणतो. रिकामी परत घेऊन मोजतो. तीन वर्षांत एक गोळी मागेपुढे झालेली नाय. झालं ते त्या पालेभाजीने."

बाईंनी मान हलवली. "नुसत्या पालेभाजीने इतकं होणं कठीण आहे. गोळी पूर्ण चालू असताना झडप अडकली असेल, तर ताजी गुठळी नसावी. मला ते औषध देता येणार नाही. मी गाडी मागवते." आणि त्या फोनकडे वळल्या.

दिनानाथ खोटं बोलला नव्हता. त्याला जे दाखवलं होतं तेच त्याने सांगितलं होतं. ती रिकामी पाकिटं सरूनेच पुसून, सुतळीने बांधून त्याला दिली होती.

"बाई, थांबा," सरू म्हणाली.

तिने बटव्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना, तेव्हा तिने ती दाताने सोडली. डबी टेबलावर उपडी केली. केसपेपरवर पांढऱ्या अर्ध्या चंद्रासारखे बारके तुकडे पडले. एक घरंगळत कडेला गेला, तो प्रतीक्षाने हाताने अडवला.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"त्यांनी न घेतलेलं. मी रोज अर्धीच देत होते. संक्रांतीपासून."

बाईंनी पेनाच्या टोकाने तुकडे एकेक करून बाजूला सारले. "सव्वीस," त्या म्हणाल्या. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट फिरवून चौदा जानेवारीपासून कालपर्यंतचे दिवस मोजले. तेही सव्वीस भरले.

"या महिन्यात रक्त तपासलं होतं?"

"नाय," दिनानाथ म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळा होता. "मी नेणार होतो. माझ्या डबल शिफ्ट लागल्या."

"आणि झडपेचा आवाज कधी बंद झाला? नक्की दिवस सांगता येईल कुणाला?"

सरूला सांगता येत नव्हतं. तीन वर्षांत तिला तो आवाज इतका सवयीचा झाला होता, की थांबला तेव्हा तो थांबल्याचं तिला कळलंच नव्हतं. उत्तर मागून आलं.

"बुधवारी," हौसा म्हणाली. "मंगळवारी रातच्याला वाजत होतं, पण दबकं. बुधवारी नाय. मला बुधवारी पहिली झोप लागली."

रोहिणीबाईंनी दोन्ही गोष्टी कागदावर लिहिल्या आणि मुंबईला पुन्हा फोन लावला. फोनवरचं बोलणं दोन मिनिटांत संपलं. त्या परत आल्या तेव्हा हातात छापील कागद होता. ताजी गुठळी आहे असं धरून औषध सुरू करतो, त्या म्हणाल्या. विरघळताना एखादा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो, हात-पाय, बोलणं जाऊ शकतं. तरी रस्त्यापेक्षा हे बरं. पत्नी कोण? सही करा.

मागच्या वेळी कागद दिनानाथपुढे आला होता. त्याने सवयीने हात पुढे केला, आणि मग मागे घेतला. सरूने सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.

बाई आत गेल्यावर दिनानाथ तिच्याकडे वळला. तो ओरडला नाही. "तीन वर्षं मी पाकिटं मोजतोय," तो म्हणाला. "आणि तू माझ्या हातात रिकामी देत होतीस."

"व्हय."

"मला एक शब्द का नाय सांगितलास?"

"तुम्ही आगर बंद केलं असतं, भावजी."

"केलंच असतं."

"म्हणून."

तेवढ्यात हौसा बाकड्यावरून उठली आणि दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. सरूला वाटलं, आता ही आपल्याला बोलणार. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि सासू कधी कुठल्या बाजूने तुटून पडेल हे तिला अजून सांगता येत नव्हतं.

"तिला एकटीला बोलू नको," हौसा थोरल्याला म्हणाली. तिने अडकित्ता पुढे केला. "रोज सकाळी याच्या पात्याला पांढरं लागलेलं असायचं. सुपारी कडू लागायची. मी पुसून टाकत होते."

"तुला माहीत होतं?"

"गोळी तोडतायत एवढं कळलं होतं. मला वाटलं, औषध कमी झालं की ते टिकटिक कमी होईल. आणि झालं ना कमी." तिने अडकित्ता मिटला. "बुधवारी झोप लागली तेव्हा मी देवाला हात जोडले, दिना. माझ्या पोराचं दार बंद पडत होतं आणि मी हात जोडत होते."

शिवा बायकोच्या बाजूला जाऊन बसला. सगुणा किंचित सरकली, पण त्याच्यापासून लांब.

औषध रात्रभर आणि सोमवारी दिवसभर चालू होतं. सोमवारी सकाळी कमळाकरच्या डाव्या हातातून पाण्याचा पेला सुटला. दोन तास तो हात त्याचा नव्हता. मग हळूहळू परत आला, पण शेवटची दोन बोटं आलीच नाहीत. ती पुढेही बधिरच राहिली. दुपारी धाप उतरली. संध्याकाळी त्याने चहा मागितला. मंगळवारी सकाळी रोहिणीबाईंनी त्याच्या छातीला नळी लावली, खूप वेळ ऐकलं, आणि नळी सरूच्या कानात घातली. आवाज होता. पूर्वीइतका खणखणीत नव्हता, पण चिखल गेला होता. टिक म्हणजे टिकच होती.

"डबी दाखवलीस काय?" कमळाकरने तिला विचारलं.

"दाखवली."

त्याने डोळे मिटले. "म्हणजे आगर गेलं."

"गेलं," सरू म्हणाली. "तुमच्या हातून गेलं. बांध राहील, माणूस लावू. नायतर नाय लावणार. पण गोळी अख्खी, आणि ती मी सगळ्यांसमोर देणार."

उजव्या हाताने तो डाव्या हाताची दोन बोटं चोळत राहिला. तो रागावलाय हे तिला कळत होतं. किती दिवस रागावेल हे कळत नव्हतं. ती खाटेजवळून उठली नाही.

गुरुवारी त्याला मुंबईला तपासणीसाठी न्यायचं ठरलं. दिनानाथने रजा टाकली. मंगळवारी दुपारी सगुणा निडीहून भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन आली. सरू व्हरांड्यात बसली होती. सगुणाने फडकं सोडलं, भाकरी तिच्यापुढे ठेवली, आणि मग बोलली.

"मी सगळ्यांसमोर मान खाली घालून बसले होते, वहिनी. डबी तुझ्या कमरेला होती."

"व्हय."

"मला ते विसरता यायचं नाय."

"नको विसरू," सरू म्हणाली.

सगुणाने भाकरीचा एक तुकडा मोडला, त्यावर चटणी घातली आणि सरूच्या हातात दिला. दोघी जेवल्या. जेवण झाल्यावर हौसाने पिशवीतून अडकित्ता काढला. पितळी मुठीचा, तिच्या सासूकडून तिच्याकडे आलेला. तो सरूकडे जाणार, असं गेल्या दिवाळीतच ठरलं होतं. हौसाने तो सगुणाच्या रिकाम्या फडक्यात ठेवला आणि फडक्याला गाठ मारली.

"हा निडीला ने," ती म्हणाली. "आमच्या घरात आता काय अर्धं करायचं नाय."

"आणि तू सुपारी कशी खाणार, आये?"

हौसाने चंचीतून अख्खी सुपारी काढून तोंडात टाकली. तिच्या दातांनी ती फुटणारी नव्हती. तशीच गालात धरून ती कमळाकरच्या खोलीच्या भिंतीला डोकं टेकून बसली. सरू काहीतरी विचारायला लागली, तेव्हा हौसाने हात वर करून तिला गप्प केलं. ती ऐकत होती.